गुण कोणी द्यायचे?

दिवाळी अंकात कर्करोगाचा विषय काढणे म्हणजे करंज्या-अनारशांच्या ताटात कारीट ठेवणे, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, ही रीत काही मी घातलेली नाही. तेव्हा वाचकहो, या सदरापुरता तो कडू थेंब चालवून घ्या. बाकीचा अंक गोडाधोडाने भरलेलाच आहे.

शिवाय विषय अगदीच दिवाळीबाहेरचा आहे असेही नाही. या चार दिवसांत आपण आप्तेष्टांकडे जातो. त्यांतल्या एखाद्या घरी आतल्या खोलीत कोणी आजारी असते. आपण उंबऱ्याशी उभे राहून विचारतो, "काय, बरं आहे ना?" आतून उत्तर येते, "बरं आहे." आपला जीव भांड्यात पडतो आणि आपण चिवड्याच्या बशीकडे वळतो.

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. त्यामुळे एखादा शब्द दिसला की तो उलटून पालटून पाहण्याची खोड जडली आहे. हा "बरे" शब्द पाहा. रोगी "बरा झाला" म्हणजे रोग गेला. रोग्याला "बरे वाटते" म्हणजे जीवाला चैन पडले. एकाच शब्दाच्या पोटात या दोन निराळ्या गोष्टी नांदतात, आणि त्या नेहमी बरोबरीने येतात असे नाही. कोणी पुरता बरा होतो, पण त्याला बरे वाटत नाही. कोणी बरा व्हायचा नसतो, पण आजचा दिवस त्याला बरा गेलेला असतो. पहिले "बरे" डॉक्टरांना तपासून कळते. दुसरे कसे कळावे? हे दुसरे "बरे" मोजायचा प्रयत्न वैद्यकशास्त्र गेली पंचाहत्तरहून अधिक वर्षे करीत आहे, आणि आजचे माझे निरूपण त्याबद्दलच आहे.

इंग्रजीत याला "क्वालिटी ऑफ लाइफ" म्हणतात. मराठीत "जीवनाची गुणवत्ता" असा शब्द रूढ झाला आहे. गुणवत्ता म्हटले की आम्हा मास्तरमंडळींना गुणपत्रिका आठवते आणि शब्द जरा रुक्ष वाटतो. पण मराठीत औषधालाही "गुण" येतो, हे विसरू नये. "औषधाचा गुण आला का?" असे आपण विचारतो, तेव्हा रोग्याला आतून काय वाटते तेच विचारीत असतो. तेव्हा शब्द चुकलेला नाही. प्रश्न एवढाच आहे, की हे गुण द्यायचे कोणी?

प्रारंभी ते डॉक्टर देत असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विषारी वायूंच्या अभ्यासातून नायट्रोजन मस्टर्ड नावाचे द्रव्य कर्करोगावर वापरता येईल असे ध्यानात आले. औषध जालीम होते. गाठ थोडी आकसली तरी माणूस त्यापायी अंथरुणाला खिळला, तर मिळवले काय? न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील डॉ. डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांचे सहकारी यांना हा प्रश्न पडला, आणि १९४८ साली त्यांनी एक मोजपट्टी पुढे ठेवली. शंभरपासून शून्यापर्यंत, दहादहाच्या पायऱ्यांनी. कोणतीही तक्रार नाही, सर्व व्यवहार सुरळीत, त्याला शंभर. स्वतःचे स्वतः करतो पण कामधंदा होत नाही, त्याला सत्तर. बरीच मदत आणि वरचेवर औषधोपचार लागतो, त्याला पन्नास. शून्य म्हणजे काय ते सांगायला नको.

ही पट्टी आजही वापरात आहे, कारण ती सोपी आहे आणि एखादा उपचार रोग्याला झेपेल की नाही याचा अंदाज तिच्यावरून येतो. गाठीची लांबीरुंदी आणि उरलेले महिने यांपलीकडे रोग्याकडे पाहायची सोय तिने केली, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण तिच्यात एक मेख आहे. ती माणसाच्या हातून काय होते ते मोजते. त्याच्या मनात काय चालले आहे ते मोजत नाही. दिवसभर खाटेवर पडून नातवाला गोष्टी सांगणारी आजी तिच्यावर चाळीसच्या आसपास येईल. कचेरीत नियमित जाणारा आणि रात्रभर छताकडे डोळे लावून पडणारा गृहस्थ नव्वद मिळवून जाईल. आणि मुख्य म्हणजे पेपर लिहिणारा एक, गुण देणारा दुसरा.

परीक्षकाला उत्तरपत्रिका निदान वाचता तरी येते. इथे ती उत्तरपत्रिका रोग्याच्या अंगात असते. १९८८ साली इंग्लंडमध्ये डॉ. स्लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. एकाच रोग्याच्या स्थितीबद्दल डॉक्टरांनी गुण द्यायचे आणि त्या रोग्यानेही द्यायचे. दोन्हींची तुलना केली तेव्हा असे आढळले, की डॉक्टरांना रोग्याच्या जगण्याचा अंदाज नीटसा बांधता येत नाही. मोजमाप हवे असेल तर ते रोग्याकडूनच घ्यावे.

कोणी म्हणेल, डॉक्टरांचे सोडा, घरच्यांना तर कळतेच ना? याबाबत मी घरचीच हकीकत सांगते. माझे थोरले दीर, आम्ही त्यांना अण्णाभाऊजी म्हणतो, एस.टी.त कंट्रोलर होते. तंबाखू-चुन्याची चंची कमरेला असायची. निवृत्तीनंतर तोंडात जखम झाली, ती भरेना. तपासणीत जे निघायचे ते निघाले. जबड्याचा काही भाग काढावा लागला. पाठोपाठ किरणांचे उपचार झाले. वर्षभराने कागदावर शेरा आला, की रोगाची खूण उरलेली नाही. घरात पेढे वाटले गेले. भाऊजींच्या वागण्यात एकच फरक पडला होता. पंगत मांडली की ते म्हणत, "तुम्ही बसा, मी मागाहून जेवतो." जाऊबाईंची समजूत अशी, की सुनांना आधी जेवू द्यावे हा त्यांचा चांगुलपणा.

पुढे तपासणीच्या एका खेपेला तिथल्या एका मुलीने त्यांच्या हाती प्रश्नांचे मराठी कागद दिले आणि उत्तरांपुढे खुणा करायला सांगितले. त्यांत एक प्रश्न या अर्थाचा होता, की गेल्या आठवड्यात घरच्यांसमोर जेवताना तुम्हाला त्रास झाला का? भाऊजींनी चष्मा सारखा केला आणि "खूप" या शब्दावर खूण केली. जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, हे कधी बोलला नाहीत ते!"

भाऊजी म्हणाले, "विचारलं कोणी?"

तोंड पुरते उघडत नव्हते, घास ओठाच्या कडेने बाहेर येई, आणि नातवंडांनी ते पाहू नये म्हणून हा माणूस वर्षभर एकटा जेवत होता. त्या खुणेमुळे त्यांना गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवले गेले. दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकावर एक सरकवून तोंड हळूहळू उघडायचे, हा व्यायाम ते रोज नेमाने करू लागले. पूर्वीचे तोंड काही परत आले नाही. पण आता मऊ भात आणि मांडीवर पंचा घेऊन ते पंगतीला बसतात. "रोगाची खूण नाही" या शेऱ्यात ती पंगत कुठेच नव्हती.

उपचार ठरवणारे शहाणे लोकही रोग्याला विचारल्यावाचून कसे फसतात, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. पहिले अमेरिकेतील. हातापायाच्या मऊ भागात सार्कोमा नावाचा कर्करोग होतो. पूर्वी सर्रास पाय कापावा लागे. पुढे केवळ गाठ काढून आणि किरणांचे उपचार देऊन पाय वाचवता येऊ लागला. वाचलेला पाय कापलेल्यापेक्षा चांगला, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? तरीही तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. शुगरबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांची रीतसर पाहणी केली आणि १९८२ साली निष्कर्ष छापले. दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक नव्हता. काही बाबतींत तर पाय गमावलेल्यांचीच स्थिती थोडी बरी होती! वाचलेला पाय सुजत होता, आखडत होता, दुखत होता. मग पाय वाचवणे सोडून दिले का? नाही. किरण देण्याची पद्धत सुधारली, व्यायाम लवकर सुरू केले, आणि पुढच्या रोग्यांना त्याचा लाभ झाला. विचारले नसते तर हे सुचलेच नसते.

दुसरे उदाहरण याच्या उलट. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ३०८ स्त्रियांची पाहणी झाली; तिचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. काहींना केमोथेरपी अखंड चालू ठेवली. काहींना थोड्या फेऱ्यांनंतर विश्रांती देऊन, रोगाने पुन्हा डोके वर काढल्यावर औषध दिले. औषधाने मळमळ होते, केस जातात. तेव्हा विश्रांती मिळालेल्या बायकांना अधिक बरे वाटेल, अशी अटकळ होती. प्रत्येकीने स्वतःच आपली स्थिती एका रेघेवर मांडायची होती. रेघेच्या एका टोकाला सगळ्यांत वाईट, दुसऱ्याला सगळ्यांत उत्तम. मधे आपल्या जागी खूण करायची. खुणा मोजल्या तेव्हा अखंड औषध घेणाऱ्यांचीच स्थिती सरस निघाली. औषधाच्या त्रासापेक्षा रोगाचा त्रास त्यांना अधिक जाचत होता.

म्हणजे "उगाच कशाला औषधांचा मारा करता" म्हणणारे नेहमी बरोबर नसतात, आणि "वाटेल ते करून उपचार चालू ठेवा" म्हणणारेही नसतात. पहिल्या उदाहरणात हळुवार वाटणारा उपचार जड गेला. दुसऱ्यात जड वाटणारा मानवला. बाहेर उभे राहून हे ओळखता येत नाही.

आज सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली युरोपातील कर्करोग संशोधनाच्या एका संघटनेने तयार केली. डॉ. नील आरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९३ साली प्रसिद्ध केली. तीस प्रश्न आहेत. जड पिशवी उचलता येते का, लांब चालवते का, झोप लागते का, वर्तमानपत्र वाचताना लक्ष लागते का, चिंता वाटते का, आजारपणामुळे घरच्या आयुष्यात अडथळा आला का, असे. बहुतेक प्रश्न गेल्या आठवड्याबद्दलचे, आणि उत्तरे चार: अजिबात नाही, थोडे, बरेच, खूप. अखेरच्या दोन प्रश्नांना मात्र एकपासून सातपर्यंत गुण द्यायचे: एकंदर प्रकृती कशी होती, आणि एकंदर जगणे कसे होते? मग उत्तरांचे रूपांतर शून्य ते शंभरच्या मापात करतात. दुखण्याचा रकाना वेगळा, मनाचा वेगळा, घरसंसाराचा वेगळा. निरनिराळ्या अवयवांच्या कर्करोगासाठी निरनिराळ्या पुरवण्या आहेत. भाऊजींच्या प्रश्नासारखे प्रश्न तोंड-घशाच्या पुरवणीत असतात.

ही प्रश्नावली शंभराहून अधिक भाषांत गेली आहे आणि मराठीतही आहे. भाषांतराची त्यांची शिस्त मला फार आवडली. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, ते जुळवून एक करायचे. मग ते पुन्हा इंग्रजीत करायचे आणि मुळाशी ताडून पाहायचे. एवढ्यावर भागत नाही. शेवटी ते प्रत्यक्ष रोग्यांपुढे ठेवून विचारायचे, की तुम्हाला यातून काय समजले? आमच्या भाषांतराच्या वर्गात इतकी कडक परीक्षा घेतली तर मोठमोठे विद्वान नापास होतील.

पण भाषेचा प्रश्न शिस्तीने पुरता सुटत नाही. "बरेच" आणि "खूप" यांत अंतर किती? कोल्हापूरकडच्या माणसाची "लई" ही मात्रा यांतल्या कोणत्या घरात टाकायची? जड पिशवी कधीच न उचलणारी, पण दोन हंडे डोक्यावर घेऊन विहीर चढणारी बाई त्या प्रश्नाला काय उत्तर देईल? आणि आपल्याकडच्या बायकांची तऱ्हा तर जगावेगळी. ताप एकशे दोन असला तरी "जरा कणकण आहे" म्हणायचे आणि पोळ्या लाटायला बसायचे! अशी बाई "थोडे" या घरात खूण करते, तेव्हा ते थोडे किती मोठे असते हे विचारणाऱ्याला उमगले पाहिजे.

आणखी एक अडचण खास आपली. कित्येक घरांत रोग्याला रोगाचे नावच सांगत नाहीत. "गाठ आहे, जाईल" एवढ्यावर वेळ मारून नेतात. या तीस प्रश्नांत कर्करोग हा शब्द कुठेच येत नाही. आजारपण आणि औषधोपचार एवढाच उल्लेख आहे. त्यामुळे नाव न सांगितलेल्या रोग्यालाही ते विचारता येतात. नाव दडवता येते. झोप लागत नाही हे ज्याचे त्याला ठाऊकच असते.

तिसांतला एक प्रश्न पैशाच्या ओढाताणीचा आहे. हजारो मैलांवरच्या संशोधकांना तो घालावासा वाटला याचे मला कौतुक वाटते. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. तिथे दूरदूरच्या गावांहून माणसे येतात आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या आसऱ्याला राहून उपचार घेतात. अशा कुटुंबात दुखण्याइतकीच गहाण पडलेल्या शेताची कळ असते. औषधाच्या यशाचा हिशेब मांडताना ही कळ धरायची की नाही? निदान प्रश्नावली तरी धरा म्हणते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आनंद काय असा आकड्यांत तोलता येतो? प्रश्न रास्त आहे. हे जाणकारही त्यापाशी अडखळले आहेत. एरवी गडकिल्ले चढणारा माणूस आजारपणानंतर ओसरीपर्यंत चालत जातो, सकाळचे ऊन अंगावर घेतो आणि सातांपैकी सहा गुण देतो. निरोगी असताना त्याने याच आयुष्याला दोन दिले असते. म्हणजे प्रकृती ढासळली आणि मोजणाराची पट्टीच बदलली. स्प्रँगर्स आणि श्वार्ट्झ या दोन संशोधक बाईंनी १९९९ साली या घटनेची रीतसर मांडणी केली. काहींना ही मोजमापातील गफलत वाटते. मला ती माणसाच्या जिवटपणाची साक्ष वाटते. पण आकडा वाचणाऱ्याने तिचे भान ठेवायला हवे, हेही खरे. आज सहा गुण मिळाले म्हणून त्याचे गुडघे दुखायचे थांबले, असा अर्थ काढू नये.

तरीही आकडा हवा, असे माझे मत आहे. रुग्णालयात गाठ मिलिमीटरमध्ये मोजतात, रक्तातल्या पेशी मोजतात, महिने मोजतात. दोन उपचारांतला कोणता निवडावा याची चर्चा होते तेव्हा हे आकडे टेबलावर येतात. त्या वेळी रोग्याचे दुःख उसाशाच्या रूपात दाराबाहेर उभे असेल, तर त्याची दाद कोण घेणार? आकडा झाला की तेही टेबलापाशी येऊन बसते.

याचा उपयोग किती होतो, तेही पाहा. अमेरिकेत बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रोग्यांची पाहणी झाली. काहींना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सुरुवातीपासूनच वेदना आणि मनःस्थिती सांभाळणाऱ्या डॉक्टरांची मदत दिली. २०१० साली निष्कर्ष आले. या रोग्यांना जगणे अधिक बरे वाटले. शेवटी शेवटी त्यांच्यावर उपचारांचा भडिमार कमी झाला, आणि तरी ते सरासरीने जास्त जगले: ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. कार्नोफ्स्की यांच्याच न्यूयॉर्कच्या संस्थेत ७६६ रोग्यांना आपला त्रास यंत्रावर स्वतः नोंदवायला सांगितले. त्रास वाढला की परिचारिकेला तात्काळ सूचना जाई. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नोंद करणारे रोगी सुमारे ३१ महिने जगले आणि इतर २६ महिने. असा लाभ प्रत्येक पाहणीत होईलच असे नाही, आणि विचारपूस म्हणजे काही संजीवनी नव्हे. पण मळमळ, धाप, दुखणे वेळेवर कळले तर वेळेवर काही करता येते, इतके यातून निश्चित दिसते.

कार्नोफ्स्की यांनी पट्टी आखली तेव्हा ती डॉक्टरांच्या हाती होती. त्यानंतर हळूहळू ती रोग्याच्या हाती आली. माझ्या मते गेल्या पाऊणशे वर्षांतली ही फार मोठी सुधारणा आहे. परीक्षा ज्याच्या अंगावर चालू आहे त्यानेच गुण द्यायचे, असा न्याय आमच्या विद्यापीठात चालायचा नाही. पण खाटेवरच्या माणसाबाबत तोच एक न्याय आहे.

आता आपल्यापुरते. आपण काही तीस प्रश्नांचे कागद घेऊन फराळाला जाणार नाही, आणि जाऊही नये. परंतु "बरं आहे ना?" या प्रश्नात त्याचे उत्तर आधीच कोंबलेले असते, त्यातल्या "ना"ने समोरच्याचे तोंड बंद होते. त्याऐवजी दोन मिनिटे खाटेपाशी बसावे. काल रात्री झोप लागली का, घास उतरतो का, आज काही करावेसे वाटते का, असे एखादे साधे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तर चांगले येईलच असे नाही. आले तसे ऐकून घ्यावे, आणि डॉक्टरांना सांगण्यासारखे असेल तर पुढच्या खेपेला विसरू नये म्हणून एका चिठ्ठीवर टिपून ठेवावे. चिवडा कुठे पळून जात नाही.